नेगेटिव्ह नसलेली रिळं

घरगुती आठ मिलिमीटर फिल्मला नेगेटिव्ह नसतं. जुन्या फोटोंची नेगेटिव्हं आपण पाकिटात घालून ठेवतो. फोटो फाटला तर पुन्हा काढून आणता येतो. पण साठ-सत्तरच्या दशकात कुणी हौशी काकाने आठ मिलिमीटरवर बारसं, मुंज, पचमढीची सहल टिपली असेल, तर जी पट्टी कॅमेऱ्यातून गेली तीच रसायनांतून गेली, तीच भिंतीवर दाखवली गेली आणि तीच आज कपाटाच्या वरच्या फळीवर डब्यात पडली आहे. दुसरी प्रत जगात कुठेही नाही. ही रिळं साफ करताना मी जे काही करते, आणि त्याहून जास्त जे काही करत नाही, ते सगळं या एका गोष्टीमुळे.

मी रसायनशास्त्राची निवृत्त प्राध्यापिका. माझे वडील नागपूरच्या सचिवालयात होते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी नव्या मध्य प्रदेशाची राजधानी भोपाळ झाली आणि नागपूरच्या कचेऱ्यांतली कितीतरी मराठी कुटुंबं फायलींच्या मागोमाग इकडे आली. त्याच सुमारास शहराच्या पूर्वेला हेवी इलेक्ट्रिकल्सचा कारखाना उभा राहत होता. त्याला ब्रिटनच्या असोसिएटेड इलेक्ट्रिकल इंडस्ट्रीजचं तांत्रिक साहाय्य होतं, म्हणून वसाहतीत इंग्रज इंजिनिअर राहायचे. मायदेशी परतताना ते सामान विकून जात. माझ्या मामांनी अशाच एका साहेबाकडून चावीचा कॅमेरा घेतला. माझी आजी हलताना दिसते ती फक्त त्या कॅमेऱ्यात: तुळशीला पाणी घालते, समोर कॅमेरा दिसतो, पदर पुढे ओढते, संपलं.

असे डबे भोपाळमधल्या मराठी घरांत अजून बरेच आहेत. पिपलानीचा गणेशोत्सव, टी. टी. नगरच्या क्वार्टरपुढची सायकल, मोठ्या तलावावर कमला पार्कच्या बाजूला काढलेली वरात. लोक ते घेऊन माझ्या मागच्या खोलीत येतात, आणि पहिलं वाक्य बहुतेक हेच असतं: "मॅडम, प्रोजेक्टर पण आणलाय. लावून बघू या का?"

नाही लावायचा. फिल्मचा पाया सेल्युलोज अ‍ॅसिटेटचा असतो आणि वय वाढलं की तो आकसतो. प्रोजेक्टरमधला फिल्म ओढणारा पंजा मात्र कारखान्यातून निघताना ठरलेल्या अंतरावरच फिल्मच्या कडेच्या भोकांत शिरतो. जुन्या, म्हणजे रेग्युलर एट फिल्मवर एका चौकटीमागे एक भोक असतं आणि दोन भोकांत ३.८१ मिलिमीटर अंतर. म्हणजे शंभर चौकटींची लांबी ३८.१ सेंटिमीटर भरायला हवी. मी पट्टी काचेवर सरळ ठेवते आणि मोजते. तीन मिलिमीटर कमी भरली, तर आकसणं पाऊण टक्क्याच्या वर गेलं. अशी फिल्म प्रोजेक्टरमध्ये घातली की पंजा भोकं फाडत जातो आणि दिव्याच्या उष्णतेने उरलेलं काम होतं.

ही फिल्म इतकी लहान कशी झाली तेही सांगते. कोडॅकने १९२३ मध्ये हौशी लोकांसाठी १६ मिलिमीटर आणली, पण ती महाग पडे. मंदीच्या काळात, १९३२ मध्ये, त्यांनी युक्ती केली. सोळाचीच पट्टी, भोकं दुप्पट. कॅमेऱ्यात पंचवीस फूट गुंडाळी घालायची, अर्धी रुंदी वापरायची, रीळ उलटून उरलेली अर्धी. प्रयोगशाळा ती मधोमध चिरून दोन तुकडे जोडून देई. पन्नास फूट, चार हजार चौकटी, सेकंदाला सोळा या वेगाने चार मिनिटं. १९६५ मध्ये सुपर एट आली. भोकं लहान केली, चित्र थोडं मोठं झालं आणि फिल्म प्लॅस्टिकच्या बंद कार्ट्रिजमधून येऊ लागली. तिची पन्नास फूट तीन मिनिटं वीस सेकंद चालतात. रेग्युलर एटची एक चौकट भिजवलेल्या साबुदाण्याएवढी असते. तिच्यावर एक दशांश मिलिमीटरचा धुळीचा कण बसला, तर चार फुटी पडद्यावर तो अडीच सेंटिमीटरचा डाग होऊन आजीच्या कपाळावर नाचतो. साफसफाईचा सगळा खटाटोप या कणासाठी.

नेगेटिव्ह नसतं ते का, यासाठी थोडी प्रयोगशाळा पाहावी लागेल. कृष्णधवल फिल्म घेऊ. पायावर जिलेटीनचा थर, त्यात सिल्व्हर हॅलाइडचे सूक्ष्म स्फटिक. ज्यांवर प्रकाश पडला त्यांना पहिला डेव्हलपर काळ्या चांदीत बदलतो. पांढरं धोतर काळं होतं, काळी टोपी फिकट राहते. इथवर हे नेगेटिव्हच. सर्वसाधारण फिल्म इथून हायपोत, म्हणजे चित्र पक्कं करणाऱ्या द्रावणात, जाते आणि तिथेच थांबते. हौशी फिल्म पुढे जाते. पोटॅशियम डायक्रोमेट आणि सल्फ्युरिक आम्लाच्या ब्लीचमध्ये ती काळी चांदीच विरघळवून टाकतात. मग सल्फाइटच्या द्रावणात ब्लीचचा पिवळेपणा काढतात. आता पट्टीवर उरतात ते पहिल्या खेपेला प्रकाश न लागलेले स्फटिक. खोलीतला दिवा लावून त्यांना भरपूर प्रकाश द्यायचा, दुसऱ्या डेव्हलपरमध्ये काळं करायचं, हायपो, धुणं, वाळवणं. टोपी काळी झाली, धोतर पारदर्शक झालं, चित्र सरळ झालं. नेगेटिव्ह होतं, ते ब्लीचबरोबर मोरीत गेलं.

पैसा वाचावा म्हणून ही पद्धत निघाली. नेगेटिव्ह आणि प्रिंट अशा दोन फिल्म्स घ्यायला नकोत. एका फिल्मच्या किमतीत सिनेमा. त्या बचतीची किंमत आपण आता मोजतोय. अर्थात नेगेटिव्ह असलं म्हणजे सगळं टिकतं असंही नाही. दादरच्या घरात सरस्वतीबाई फाळक्यांनी रात्री जागून फिल्मला भोकं पाडली, रसायनं कालवली. त्यातून तयार झालेला 'राजा हरिश्चंद्र' हा चित्रपट ३ मे १९१३ ला प्रदर्शित झाला आणि आज त्याचा फक्त काही भागच उरला आहे.

आता साफसफाई. टेबलावर दोन हाती रिवाइंडर, मधे दुधी काचेखाली दिवा, एक भिंग, सुती हातमोजे. सगळ्यात आधी डबा उघडून वास घ्यायचा. मग फिल्मच्या कडेवर कोडॅकची खूण आहे का बघायची. वर्तुळ, चौकोन, त्रिकोण अशा आकृत्यांत ते उत्पादनाचं वर्ष छापत. खुणा वीस वर्षांनी पुन्हा त्याच येतात, त्यामुळे छप्पन की शहात्तर हे चेहऱ्यांवरून ठरवावं लागतं. एकदा एका घरात यावरून वाद झाला. डब्यावर आजोबांच्या हाताने १९६२ लिहिलेलं, खूण सांगत होती फिल्म त्यानंतरची आहे. आजोबांचं अक्षर खरं मानायचं की कोडॅकचं? मी कोडॅकच्या बाजूने होते. घरच्यांनी आजोबांना मत दिलं.

मग जोड तपासायचे. जुने जोड सिमेंटचे असतात, कोरडे होऊन सुटतात. टेपचे असले तर डिंक पाझरून शेजारच्या वेढ्याला चिकटलेला असतो. ते नव्याने केल्याशिवाय फिल्म ओढायची नाही. यातच संध्याकाळ जाते, आणि ओला कपडा अजून हातात आलेला नसतो.

पहिली सफाई कोरडीच. धागे न सुटणारं मऊ कापड दुमडून दोन बोटांत धरायचं, फिल्म त्यातून सावकाश जाऊ द्यायची, दाब जवळजवळ नाहीच, आणि थोड्या थोड्या अंतराने कापडाची घडी बदलायची. घडी बदलली नाही तर पहिल्या फुटावर पकडलेला वाळूचा कण उरलेल्या एकोणपन्नास फुटांवर रेघ ओढत जातो. जुन्या फिल्मवर पावसासारख्या उभ्या रेघा दिसतात, त्यातल्या कितीतरी कुणीतरी प्रेमाने पुसल्याच्या खुणा आहेत. चकचकीत बाजू पायाची, मंद बाजू जिलेटीनची. कोडॅक्रोम असेल तर मंद बाजूवर तिरप्या उजेडात चित्राचा उठाव दिसतो. तो पाहायला मिळावा म्हणून मी पाहुण्यांना मुद्दाम भिंग देते.

धूळ गेली की तेलकट डाग आणि बोटांचे ठसे राहतात. त्यांना द्रावक लागतं, आणि इथे पाण्याला मज्जाव. लोकांना हे पटत नाही, कारण फिल्म तयार होताना तर पाण्यातच असते. पण जिलेटीन पाणी पिऊन फुगतं, आणि जुनं, बुरशीने खाल्लेलं जिलेटीन पाण्यात चक्क विरघळतं. भोपाळमध्ये जुलै ते सप्टेंबर हवा इतकी दमट असते की भिंतींना ओल येते. हवेतली आर्द्रता साठ-पासष्ट टक्क्यांच्या वर टिकली की बुरशी धरते. फिल्मवर तिचे फांद्या फुटल्यासारखे धागे दिसतात. ओल्या फडक्याने पुसलं की बुरशी जाते, पण खालचं चित्रही तिच्याबरोबर फडक्यावर येतं. म्हणून आधी फिल्म कोरड्या हवेत ठेवून बुरशी सुकवायची, मग कोरड्या कापडाने अलगद झटकायची, आणि मगच पाणी नसलेलं द्रावक. जिथे चित्र खाल्लं गेलंय तिथे ते खाल्लेलंच राहतं.

मी नव्व्याण्णव टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरते. औषधाच्या दुकानात मिळतं ते सत्तर टक्क्यांचं. उरलेले तीस टक्के पाणी, म्हणजे आपल्याला नको तेच. कापड ओलसर, ओथंबलेलं नाही. फिल्म दुसऱ्या रिळावर पोहोचण्याआधी द्रावक उडून गेलेलं हवं, नाहीतर डाग वेढ्यांत कोंडतात. सुपर एटवर १९७३ नंतर आवाजाची तपकिरी चुंबकीय पट्टी येऊ लागली. ती असेल तर आधी टोकाच्या कोऱ्या तुकड्यावर थेंब लावून पाहायचं. नखांचं पॉलिश काढायचं द्रावण घेऊन एक बाई आल्या होत्या, "काकू, यानं सगळं निघतं." खरंच निघतं. त्यातल्या अ‍ॅसिटोनमध्ये अ‍ॅसिटेटचा पायाच विरघळतो.

आणि इथे भोपाळबद्दल सांगणं भाग आहे. फिल्म साफ करण्याच्या जुन्या पुस्तकांत कार्बन टेट्राक्लोराइडची शिफारस असायची. छान द्रावक: तेल काढतं, पेट घेत नाही, लगेच उडतं. यकृत आणि मूत्रपिंडं खराब करतं, हेही तितकंच खरं. आमच्या शहरातल्या युनियन कार्बाइडच्या कारखान्यात हेच द्रावक वापरलं जायचं. १९८४ च्या डिसेंबरातल्या त्या रात्री गळला तो मिथाइल आयसोसायनेट वायू, त्याबद्दल जगाला ठाऊक आहे. पण कारखाना बंद पडल्यावरही आवारातला कचरा तिथेच राहिला, आणि १९९९ मध्ये ग्रीनपीसने आजूबाजूच्या हातपंपांचं पाणी तपासलं तेव्हा त्यात कार्बन टेट्राक्लोराइड सापडलं. त्या वस्त्यांमधून माझ्या वर्गात मुली यायच्या. त्यामुळे 'उडून जाणारं' द्रावक उडून नक्की कुठे जातं, हा प्रश्न माझ्यासाठी पुस्तकी राहिलेला नाही.

व्यावसायिक प्रयोगशाळा कार्बन टेट सोडून ट्रायक्लोरोइथेनकडे वळल्या. ते ओझोनचा थर खातं म्हणून मॉन्ट्रियल करारानंतर बंद होत गेलं. मग परक्लोरोइथिलीन, ड्रायक्लीनिंगवाल्यांचं. त्याचा एक गुण खरोखर अफलातून आहे. प्रकाश त्यातून जवळजवळ फिल्मच्या पायाइतकाच वळतो. म्हणून स्कॅनिंग किंवा प्रिंटिंगच्या क्षणी चौकट या द्रवात बुडवलेली असली, तर पायावरचे ओरखडे भरून येतात आणि दिसेनासे होतात. पण कर्करोग होण्याचा संभव असलेल्या पदार्थांच्या यादीत तेही आहे, आणि बंद यंत्राशिवाय ते हाताळू नये. माझ्या मागच्या खोलीत ते येणार नाही. आयसोप्रोपिलही मी खिडक्या उघड्या ठेवून, गॅसची शेगडी भिंतीपलीकडे बंद करून वापरते. पेट घेतं ते.

कार्बाइडचं नाव निघालं म्हणून एक फरक दाखवून देते. सुहासिनी मुळे आणि तपन बोस यांच्या 'बियाँड जेनोसाइड' या भोपाळवरच्या माहितीपटाला सर्वोत्कृष्ट कथाबाह्य चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, तरी दूरदर्शनने तो दाखवायला नकार दिला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १९९२ मध्ये न्यायालयाने निर्मात्यांच्या बाजूने निकाल दिला. दाखवा असा हुकूम देता येतो, कारण दाखवायला प्रत असते. चौऱ्याऐंशीच्या आधीच्या जुन्या भोपाळची, स्टेशनकडच्या गल्ल्यांची चार मिनिटं कुणाच्या घरगुती रिळात असतील, तर त्यांच्या बाबतीत कुठलंच न्यायालय काही करू शकत नाही.

डबा उघडताना वास घ्यायचा म्हटलं तो व्हिनेगरचा. अ‍ॅसिटेटचा पाया उष्णता आणि दमटपणात फुटतो आणि अ‍ॅसेटिक आम्ल सोडतो. ते आम्ल पुढची फूट वाढवतं. बंद डब्यात ते कोंडून राहतं, म्हणून घट्ट झाकणाचा बिस्किटांचा पत्र्याचा डबा सगळ्यात वाईट. चुंबकीय पट्टीतल्या लोह-ऑक्साइडनेही वेग वाढतो. अमेरिकेत रॉचेस्टरच्या इमेज पर्मनन्स इन्स्टिट्यूटने यासाठी निळ्या कागदी पट्ट्या काढल्या आहेत. पट्टी डब्यात ठेवायची. निळी राहिली तर ठीक, हिरवी झाली तर फूट आपोआप वेग घेण्याच्या टप्प्याजवळ आली, पिवळी झाली तर आधी स्कॅन, बाकी सगळं नंतर. नवी अ‍ॅसिटेट फिल्म एकवीस अंश तापमान आणि पन्नास टक्के आर्द्रतेत चाळीस-पन्नास वर्षं धीर धरते असा त्यांचा हिशेब. भोपाळचा मे बेचाळीस अंशांचा. हिशेब तुम्हीच करा.

मागच्या हिवाळ्यात माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने सुपर एटचं कार्ट्रिज आणलं. वडिलांनी चित्रण केलेलं, पण कधी धुवायला पाठवलंच नव्हतं. कोडॅक्रोम. या फिल्ममध्ये रंग नसतातच. रंग बनवणारे पदार्थ प्रयोगशाळेच्या डेव्हलपरमधून येतात. म्हणूनच अंधारात ठेवलेलं कोडॅक्रोम दशकानुदशकं टवटवीत राहतं, आणि म्हणूनच ते घरी धुता येत नाही. जगातली शेवटची कोडॅक्रोम प्रयोगशाळा, अमेरिकेतल्या कॅन्ससमधलं ड्वेन्स फोटो, ३० डिसेंबर २०१० पर्यंत रिळं घेत होती. त्यानंतर रंग मिळण्याची वाटच बंद झाली. उरतं ते कृष्णधवल नेगेटिव्ह. कॅनडातल्या फिल्म रेस्क्यूसारख्या संस्था हेच करतात. विद्यार्थ्याला मी तो पर्याय सुचवला. तो म्हणाला, "विमानतळाच्या एक्सरेतून पाठवण्यापेक्षा तुमच्या मोरीत गेलेलं चालेल, मॅडम."

डिसेंबरची सकाळ निवडली, कारण डेव्हलपरला वीस अंश लागतात आणि भोपाळच्या नळाला ते फक्त थंडीत जमतं. मे महिन्यात बर्फाची बादली शेजारी ठेवूनही द्रावणांत चार-पाच अंशांचा फरक पडतो, मग जिलेटीन सुरकुततं. पाणी उकळून गार केलेलं, आमच्याकडे ते जड आहे. पूर्ण अंधारात कार्ट्रिज फोडलं, आणि सगळी फिल्म टाकीत न घालता सुरुवातीचे तीन फूटच कापून घेतले. एकच प्रत असते तेव्हा चाचणीसुद्धा त्याच प्रतीतून कापून द्यावी लागते. कमीत कमी मोलाचा तुकडा कुठला, एवढंच ठरवणं आपल्या हातात. कोडॅक्रोमच्या पाठीवर काजळीसारखा काळा थर असतो, तो बोरॅक्सच्या द्रावणात मऊ करून ओल्या स्पंजने काढायचा. मधे चांदीच्या कणांचा पिवळा गाळणी-थर असतो, तोही कृष्णधवल पद्धतीत तसाच राहतो, त्यामुळे सगळं चित्र गढूळ दिसतं. तीन फुटांवरून वेळ ठरवली आणि उरलेली फिल्म लोमोच्या जुन्या रशियन टाकीत गुंडाळली.

नेगेटिव्ह निघालं. काळवंडलेलं, कडेने धुरकट, पण स्कॅनरवर उलटं केल्यावर एक माणूस स्कूटरला किक मारताना दिसला. विद्यार्थी बराच वेळ पाहत राहिला आणि म्हणाला, "ही लॅम्ब्रेटा आमची नव्हती." मग घरभर फोन झाले. स्कूटर कुणाची होती हे अजून ठरलेलं नाही.

वापरलेला हायपो मी मोरीत ओतत नाही. त्यात फिल्ममधली चांदी उतरलेली असते. मोठ्या प्रयोगशाळा ती परत मिळवतात, माझ्याकडे ती कॅनमध्ये साठते. डायक्रोमेटचं ब्लीच तर मी करतच नाही. षट्संयुजी क्रोमियम पुन्हा याच शहराच्या जमिनीत सोडायला माझा हात धजत नाही. रिव्हर्सल धुलाई हवी असणाऱ्यांना मी नम्रपणे नाही म्हणते.

साफ केलेलं रीळ मग स्कॅनला जातं. चांगल्या स्कॅनरमध्ये दाते नसतात. फिल्म गुळगुळीत रुळांवरून जाते, प्रत्येक चौकट थंड एलईडी प्रकाशात वेगळी टिपली जाते, त्यामुळे आकसलेली पट्टीही चालते. नव्वदच्या दशकात अनेकांनी दुकानदारांकडून भिंतीवरच्या सिनेमाचं व्हिडिओ कॅमेऱ्याने चित्रण करून घेतलं आणि कॅसेट मिळाली म्हणून रीळ भंगारात दिलं. त्या कॅसेटवर आता लुकलुकणारा राखाडी धुरळा उरलाय. म्हणून पेनड्राइव्ह हातात पडल्यावर "आता मूळ टाकून देऊ ना?" असं कुणी विचारलं की मी रीळ परत देतच नाही, आधी ऐकवते. दहा वर्षांनी याहून चांगला स्कॅनर येईल. त्याला दाखवायला पट्टी हवी.

ठेवायचं कसं, तर हवा खेळेल असा प्लॅस्टिकचा डबा, रीळ सैल नाही आणि करकचूनही नाही. माळ्यावर नको, तिथे मे महिना असतो. गोदरेजच्या कपाटात खालच्या कप्प्यात, बाहेरच्या भिंतीपासून लांब. डांबरगोळ्या अजिबात नकोत. पावसाळ्यात शेजारी सिलिका जेलची पुरचुंडी. निळे दाणे गुलाबी झाले की तव्यावर मंद आचेवर परतून पुन्हा निळे करायचे, आणि तो तवा पोळ्यांना वापरायचा नाही. वर्षातून एकदा, दिवाळीच्या आवराआवरीत, झाकण उघडून वास घ्यायचा.